पाहिजेत

गेटवरच्या पाटीवर तीन शब्द होते:
टर्नर, फिटर, ग्राइंडर.
खाली ठसठशीत, 'पाहिजेत'.
तीन उन्हाळ्यांत वरचे तिन्ही विटले,
'पाहिजेत' तेवढं उरलं, लाल ऑइलपेंटमधलं.
आता रस्त्याने जाणाऱ्याला कळत नाही
अंबडच्या या शेडला नक्की काय पाहिजे.

आत चार लेथ. दोन झाकलेले.
एका ताडपत्रीखाली मांजर व्यालंय,
कुणी हुसकलं नाही.
ऑर्डर आहे, स्टील आहे,
चाकणहून रोज फोन आहे, माल कधी.
हात नाहीत.

भिकनराव शेवाळे, वय अडुसष्ट.
दोनदा निरोप समारंभ झाला त्यांचा,
दोन शाली, दोन नारळ, एक भिंतीवरचं घड्याळ,
आणि दोन्ही वेळा पुढच्या सोमवारी
पपया नर्सरीहून बस पकडून हजर.
एका डोळ्यात मोतीबिंदू पिकतोय.
मायक्रोमीटर लांब धरून वाचतात,
पण त्याआधी अंगठा फिरवतात डायच्या कडेवरून,
डोळे मिटून, तापलेलं पोर चाचपावं तसा,
आणि म्हणतात, 'दोन शतांश पोट आहे अजून.'
गेज मागाहून त्यांचीच री ओढतं.

मी म्हटलं, लिहून काढा नाना, वही देतो.
महिन्याने वही परत आली.
पहिल्या पानावर श्री,
दुसऱ्यावर चहाचा हिशेब.
'सगळं अंगठ्यात आहे,' म्हणाले,
'अंगठाबहाद्दर समजा मला.'

पोरं येतात आयटीआयची. येतात आणि जातात.
साहिल पिंजारी सात महिने टिकला.
कान होता त्याला.
चिप निळी पडायच्या आत
आवाजावरून स्पीड उतरवायचा.
मग एका रात्री पाठीवर चौकोनी पिशवी,
माझ्याच दारात, माझंच पनीर घेऊन.
'सर, इथं रोजचे रोज मिळतात.'
नजर चुकवली.
त्याने नाही, मी.

कारण मला दोन हजार अकरा आठवतं.
सात पोरं होती तेव्हा नानांच्या हाताखाली,
तीनशे रुपये वाढवून मागत होती.
वडिलांच्या खुर्चीत मी नवा,
त्यांचंच वाक्य बोललो:
शिकवलं की उडतात. शिकवायचं बेतानं.
अकरा महिन्यांचा करार, बाराव्याला माणूस नवा.
बेतानं शिकवलं. उडाली तरीही.
दोघं चाकणला, एक मस्कतला,
एकाचं पाथर्डी फाट्यावर मोबाईलचं दुकान,
उरलेल्या तिघांची नावंसुद्धा मस्टर काढून बघावी लागतील.

आता असोसिएशनच्या सभेत
स्टेजवरून म्हणतात, कुशल मनुष्यबळाचा तुटवडा,
जसं काही ते वरून वाहत येतं
आणि यंदा गंगापूर धरणातच साठा कमी आहे.
मी मान डोलावतो.
समोशाचा कोपरा मोडतो.

काल सहाच्या सुमारास
पॅकिंगची हिरा भोये, सुरगाण्याची,
डबा धुऊन येताना लेथपाशी थांबली.
रोजच थांबते म्हणे. मला माहीत नव्हतं.
नाना म्हणाले, 'हात पूस. बोटाला तेल नको.'
तिचा अंगठा धरून कडेवर ठेवला.
'काय लागतं?'
'काहीच नाही.'
'परत.'
'काहीच नाही, नाना.'
'परत.'

भोंगा झाला. त्यांची बस गेली.
मी केबिनच्या दारात उभा,
मनात आकडे मांडत,
हिला किती द्यावे लागतील, किती दिवस टिकेल,
लग्न झालं तर,
आणि ते जुनं वाक्य
आपसूक जिभेच्या शेंड्यावर आलेलं.
गिळलं की नुसतं दाबून धरलं,
अजून सांगता येत नाही मला.

तिनं डोळे मिटले.
'थांबा,' म्हणाली, 'इथं... इथं काहीतरी...'

'परत,' नाना म्हणाले.